जुन्या गाडीच्या खालून अचानक आवाज येऊ लागला, तर काय तपासावे

ही नोंद पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या, हाताने गिअर टाकायच्या आणि दीड ते दोन लाख किलोमीटर चाललेल्या छोट्या गाड्यांसाठी आहे. माझी अशीच एक पेट्रोल गाडी आहे. तिच्यावर आणि नात्यातल्या, शेजारच्या अशाच जुन्या गाड्यांवर मी गाडीखालून अचानक येणाऱ्या आवाजाचे कारण इतक्या वेळा शोधले आहे, की आता तपासणीचा क्रम मनात ठरून गेला आहे. हा क्रम खर्चाप्रमाणे आहे: ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी आणि गिअरबॉक्स उतरवणे सर्वांत शेवटी. ‘अचानक’ हा शब्दही जरा जपून घ्यावा. झीज महिनोन्‌महिने चालू असते, फक्त शेवटचे ग्रीस उडून गेले किंवा गाडी एकदा गुडघाभर पाण्यातून गेली, की दुसऱ्या दिवशी ती कानाला कळते.

लक्षणे

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पार्किंगमधून काढताना पुढच्या चाकाकडून ‘कट्-कट्-कट्’ असा ठेक्यात आवाज येतो, आणि सरळ जाताना तो नाहीसा होतो.

ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे ‘घूंऽऽ’ असा घुमणारा आवाज सुरू होतो, वेगाबरोबर वाढत जातो, आणि काचा बंद केल्यावर तर जास्तच जाणवतो.

अॅक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना एकदाच ‘ठक्’ होते, किंवा तिसऱ्या गिअरमध्ये जोर देताना गाडीचा पुढचा भाग थरथरतो आणि पाय उचलताच शांत होतो.

गाडी उभी असताना क्लच दाबला, की खरखर सुरू होते. काही गाड्यांत याच्या नेमके उलटे असते: न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना खरखर असते आणि पेडल दाबताच ती थांबते.

एखाद्याच गिअरमध्ये रडल्यासारखा बारीक सूर लागतो आणि बाकीचे गिअर शांत असतात.

शेवटचे लक्षण म्हणजे पत्र्यावर काही घासत असल्यासारखी कर्कश किंकाळी. माणूस घाबरतो तो सर्वांत जास्त या आवाजाने, आणि माझ्या अनुभवात सर्वांत स्वस्तात सुटतो तोही हाच.

हात काळे करण्याआधी

आवाज कुठून येतो यावर पहिल्या दिवशी विश्वास ठेवू नये, कारण गाडीचा सगळा पत्रा हा एक मोठा डबाच असतो आणि मागच्या चाकाचा आवाजसुद्धा त्यातून फिरून डॅशबोर्डखाली ऐकू येऊ शकतो. आवाज ‘कधी’ येतो, हे मात्र सहसा फसवत नाही. म्हणून एक कागद घेऊन चार गोष्टी लिहाव्यात: आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, स्टिअरिंग फिरवल्यावर बदलतो का, जोर दिल्यावर आणि सोडल्यावर वेगळा होतो का, आणि क्लच दाबल्याने त्याला काही फरक पडतो का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळवायची रीत सोपी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगाने जाताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणावी आणि काही क्षण तशीच घरंगळू द्यावी. आवाज जसाच्या तसा राहिला, तर तो टायर, चाकाचे बेअरिंग किंवा ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा) यांपैकी कशाचा तरी आहे. आवाज गेला, तर संशय इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सकडे जातो. न्यूट्रलमध्येसुद्धा गिअरबॉक्सचा चाकांकडचा भाग आणि डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) फिरतच असतात, त्यामुळे आवाज टिकला म्हणून गिअरबॉक्स पूर्ण निर्दोष ठरत नाही, पण संशयितांची यादी निम्मी होते. हा प्रयोग कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात उतारावर कधीही करू नये. गाडी गिअरमध्ये नसली, की इंजिनाचा ब्रेक मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

दुसरा प्रयोग उभ्या गाडीचा आहे. हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिनाच्या फेऱ्या हळूहळू वाढवाव्यात. उभ्या गाडीतही तोच आवाज येत असेल, तर चाके आणि शाफ्ट संशयातून सुटले. आता एसी बंद करून पाहावा. एसी बंद करताच आवाज थांबला, तर दोष एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये किंवा त्याच्या क्लचमध्ये आहे आणि ही नोंद पुढे वाचण्याची गरज नाही. अल्टरनेटरचे बेअरिंग आणि बेल्टची पुलीसुद्धा इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ओरडतात, आणि त्यांना गिअरबॉक्स समजण्याची चूक चांगल्या मिस्त्रींकडूनही होते.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सर्वांत आधी चाकांचे नट तपासावेत. गेल्या आठवड्यात पंक्चर काढले असेल आणि त्यानंतर ‘कट्-कट्’ सुरू झाली असेल, तर दुसरा कोणताही विचार करण्यापूर्वी पाना घेऊन चारही चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. ही तपासणी पहिली आहे ती फुकट आहे म्हणून, आणि त्याहून अधिक म्हणजे, ही चुकली तर चाक निसटते म्हणून. पान्यावर उभे राहून नट आवळू नयेत, कारण त्याने बोल्टचे आटे ताणले जातात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क पाळावा.

नंतर खडा. पावसाळ्यानंतर आपल्या रस्त्यांवर खडी मोकळी होते आणि तिचा एखादा तुकडा ब्रेक डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये अडकतो. त्यातून निघणारी किंकाळी इतकी भयंकर असते, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गिअरबॉक्स फुटल्यासारखेच वाटते. नाशिकहून मुंबईकडे येताना माझ्या गाडीला हे झाले तेव्हा वाटेतल्या एका गॅरेजात मला गिअरबॉक्स उघडावा लागेल असे सांगण्यात आले होते, आणि घरी येऊन चाक काढल्यावर हरभऱ्याएवढा खडा खाली पडला. गाडी थोडी मागे-पुढे केल्याने खडा कधीकधी आपोआप निघतो. नाही निघाला, तर चाक काढून तो पत्रा हाताने किंचित मागे वाकवावा. त्यासाठी हत्यार लागत नाही. गाडी नुकतीच चालवली असेल, तर डिस्क हात पोळण्याइतकी तापलेली असते, एवढे लक्षात ठेवावे.

तिसरा संशयित सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा आहे. त्याचे बोल्ट गंजून तुटतात आणि तो ठरावीक फेऱ्यांवर झणझणतो. इंजिन थंड असताना काठीने किंवा मुठीने सायलेन्सरवर हलकेच ठोकले, की तोच आवाज हुबेहूब ऐकू येतो. स्टीलची मोठी होज क्लिप भोवती आवळली, की काम भागते.

टायर की बेअरिंग

घुमणाऱ्या आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः दोनदा चुकलो आहे. असमान झिजलेला टायर आणि गेलेले बेअरिंग यांचा आवाज जवळजवळ सारखाच असतो. फरक ओळखण्यासाठी आधी रस्ता बदलून पाहावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखा सिमेंटचा रस्ता आणि गुळगुळीत डांबरी रस्ता यांवर आवाजाची जात बदलत असेल, तर तो बहुधा टायरचा असतो. बेअरिंगला रस्ता कशाचा आहे याच्याशी देणेघेणे नसते. मग टायरच्या नक्षीवरून तळहात आधी एका दिशेने आणि नंतर उलट दिशेने फिरवावा. एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर टायर असमान झिजला आहे. पुढचे टायर त्याच बाजूला मागे आणि मागचे पुढे लावून पाहावेत. आवाज जागा बदलून मागे गेला, तर टायर दोषी ठरतो. पण तो तसा का झिजला, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर अलाइनमेंट किंवा दमलेले शॉक अॅब्सॉर्बर यांत असते.

बेअरिंगची खूण वळणावर मिळते. डावीकडे वळताना गाडीचे वजन उजव्या चाकांवर जाते. त्यामुळे लांबट डाव्या वळणावर घूं-घूं वाढली, तर उजव्या बाजूचे बेअरिंग संशयित असते, आणि उजव्या वळणावर वाढली तर डावीकडचे. मी पहिल्या वेळी हे नेमके उलटे धरले होते आणि चांगले बेअरिंग बदलून बसलो.

आता चाक उचलून पाहावे. सपाट, टणक जमिनीवर मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावून, हँडब्रेक ओढून गाडी जॅकवर घ्यावी आणि लगेच खाली लोखंडी स्टँड लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर शरीराचा कोणताही भाग गाडीखाली घालू नये. स्टँड नसेल, तर ही तपासणी गॅरेजमध्येच करून घ्यावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एका हाताने चाक फिरवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे शॉकच्या स्प्रिंगवर अलगद टेकवावीत. बेअरिंगच्या आतले खडबडीतपण स्प्रिंगमधून बोटांना कळते, कानांना कळत नसले तरीही. मग चाक वर आणि खाली धरून हलवावे. ते डुलत असेल, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर डुलणे थांबले, तर ढिलाई बेअरिंगमध्ये आहे, आणि तरीही डुलत राहिले तर बॉल जॉइंट किंवा चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशमध्ये आहे. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खडखडले, तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचे टोक) पाहावा.

हाताला जाणवेल इतके चाक डुलत असेल, तर इथेच थांबावे. ती गाडी चालवत नव्हे, उचलूनच गॅरेजला न्यावी. बेअरिंग बदलण्यासाठी बहुतेक छोट्या गाड्यांत प्रेस लागतो. हातोड्याने ठोकून बसवलेले नवे बेअरिंग काही महिन्यांत पुन्हा घुमू लागते, हे मी पाहिले आहे.

ड्राइव्ह शाफ्ट आणि त्याचे रबरी बूट

गाडी वर आहे तोवर दोन्ही शाफ्टची चारही रबरी बूट, म्हणजे सांध्यांवरची वळ्यांची आवरणे, टॉर्चच्या उजेडात पाहावीत. बाहेरच्या बाजूचे, म्हणजे चाकाजवळचे बूट आधी फाटते, कारण स्टिअरिंगबरोबर तेच सर्वांत जास्त वाकते. बुटाच्या वळ्या हाताने ताणून आतल्या भेगा बघाव्यात. रिमच्या आतल्या बाजूला आणि सस्पेन्शनवर काळ्या ग्रीसचे गोल फवारे उडालेले दिसले, तर बूट कुठे फाटले आहे हे वेगळे शोधावे लागत नाही.

याचे महत्त्व असे, की चाकाजवळच्या सीव्ही जॉइंटमध्ये (वाकलेला असतानाही चाक फिरवणाऱ्या सांध्यामध्ये) गोळ्या खाचांतून सरकत असतात आणि त्यांचे सारे आयुष्य आतल्या ग्रीसवर अवलंबून असते. बूट फाटले की ग्रीस बाहेर जाते, धूळ-पाणी आत येते, आणि तेच मिश्रण घासण्याच्या पेस्टसारखे खाचा कोरू लागते. आवाज नसताना फाटलेले बूट सापडले, तर जॉइंट धुऊन, नवे ग्रीस भरून, नवे बूट बसवल्याने काही शे रुपयांत गाडी वाचते. आवाज सुरू झाल्यानंतर नुसते बूट बदलणे व्यर्थ आहे, कारण कोरलेल्या खाचा ग्रीसने भरून येत नाहीत.

खात्री करण्यासाठी मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हलका जोर देत आधी डावीकडे, मग उजवीकडे आणि नंतर रिव्हर्समध्ये गोल फिरावे. एखाद्याला बाहेर, पण लांब उभे करून कोणत्या चाकाकडून कट्-कट् येते ते ऐकायला सांगावे. आतल्या बसलेल्या माणसाला बाजू नीट कळत नाही.

गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट वेगळ्या घडणीचा असतो. त्यात सहसा तीन रोलर एका पेल्यात मागे-पुढे सरकतात. तो झिजल्यावर कट्-कट् होत नाही, तर जोर देताना थरथर होते. ही थरथर चाकाच्या बॅलन्सिंगची समजून लोक पैसे घालवतात. बॅलन्सिंगचा दोष जोर सोडल्यावरही त्या वेगाला राहतो, आतल्या जॉइंटची थरथर पाय उचलताच बंद होते.

शाफ्ट घरी काढता येतो, पण मी कोणाला तसा आग्रह करणार नाही. हबचा मोठा नट प्रचंड आवळलेला असतो आणि अनेक गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो. शाफ्ट ओढताच गिअर ऑइल बाहेर येते, आणि तो परत घालताना ऑइल सीलची कड दुमडली तर नवी गळती पदरात पडते. जुन्या बाजारातला शाफ्ट मी घेत नाही, कारण त्याच्या खाचा किती कोरल्या आहेत हे तिथे उभे राहून दिसत नाही.

इंजिनाचे फाउंडेशन

गॅरेजमध्ये ज्याला फाउंडेशन म्हणतात, ती इंजिनाखालची रबरी माउंटिंग वयाने कडक होऊन फाटतात, आणि मग जोर देताना-सोडताना इंजिन हेलकावून ‘ठक्’ करते. बॉनेट उघडे ठेवावे, समोर आणि मागे कोणीही उभे नाही याची खात्री करावी, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित उचलावा आणि लगेच पुन्हा दाबावा, मग तसेच रिव्हर्समध्ये करावे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. इंजिन थोडे हलणारच, पण ते उसळी मारत असेल किंवा रबर धातूपासून सुटलेले दिसत असेल, तर माउंटिंग बदलावे. हे काम स्वस्त असूनही लोक ते टाळतात, आणि मग हेलकावणारे इंजिन शाफ्टच्या आतल्या जॉइंटला आणि सायलेन्सरच्या जोडालाही खाते.

गिअर ऑइल

इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे लोकसुद्धा गिअर ऑइल विसरतात. गाडी सपाट उभी करून गिअरबॉक्सच्या बाजूचा भरण्याचा नट उघडावा. बहुतेक गाड्यांत ऑइल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असले पाहिजे. छोट्या गाडीत सगळे मिळून दोन लिटरच्या आसपासच ऑइल असते, त्यामुळे शाफ्टच्या सीलमधून थेंब-थेंब गळत राहिले तरी वर्षभरात गिअर कोरडे पडू लागतात.

ऑइल बदलायचे असेल, तर आधी भरण्याचा नट उघडतो याची खात्री करावी, आणि मगच खालचा काढण्याचा नट सोडावा. वरचा नट गंजून अडकला असेल आणि खालून ऑइल काढून टाकले असेल, तर गाडी जागेवर अडकते. निघालेले ऑइल पांढऱ्या कापडावर किंवा उथळ थाळीत पाहावे. लोहचुंबक असलेल्या नटावर करडी, लोण्यासारखी बारीक पूड असणे या वयाला साहजिक आहे. ऑइल दुधाळ असेल, तर पाणी शिरले आहे. चकत्या, कपच्या किंवा दातांचे तुकडे दिसले, तर नवे ऑइल भरण्याचे पैसेही वाचवावेत आणि गाडी हलवू नये.

ऑइलची जात पुस्तिकेप्रमाणेच घ्यावी. डब्यावर लिहिलेल्या ऑइलच्या जातींपैकी जीएल-५ हा आकडा जीएल-४ पेक्षा मोठा म्हणून चांगला, असे दुकानात सांगितले जाते. पण जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायने काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) खातात. घट्ट ऑइल भरून आवाज काही दिवस दबतो, हेही खरे आहे. गाडी विकणारे ते करतात, चालवणाऱ्याने करू नये.

क्लच आणि त्याच्या पलीकडे

क्लच दाबल्यावर येणारी खरखर रिलीज बेअरिंगची (पेडल दाबताच क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची) असते, आणि क्लच सोडल्यावर न्यूट्रलमध्ये येणारी बहुधा इंजिनाकडून जोर घेणाऱ्या, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. दोन्ही ठिकाणी पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून घरची तपासणी इथे संपते. रिलीज बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवला जात असेल, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदलून घ्यावे, आणि क्रँकचे मागचे सील गळते का तेही पाहायला सांगावे, कारण या कामात मजुरी हाच मोठा खर्च आहे आणि ती दोनदा देण्यात अर्थ नाही.

बोलेरो, सुमो, ओम्नी किंवा जुनी अँबॅसिडर यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत आणखी दोन संशयित असतात. गाडी सुटताना ‘टंग’ होणे किंवा हळू वेगात चिमणीसारखे चिक्-चिक् होणे हे प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसचे, म्हणजे त्याच्या सांध्याचे, लक्षण आहे. इंजिन बंद ठेवून, चाकांना ठोकळे लावून शाफ्ट हाताने पिळला, की क्रॉसमधली ढिलाई कळते. जोर देताना एक सूर आणि जोर सोडताना दुसरा सूर लागत असेल, तर मागच्या डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन (एकमेकांत गुंतणारी दोन दातेरी चाके) पाहावे लागतात. त्यांचे अंतर जुळवणे हे मोजमापाचे काम असून ते ज्याला जमते त्याच्याकडेच द्यावे.

कधी थांबावे

चाक हाताने डुलत असेल, एखाद्या चाकाचा हब बाकीच्यांपेक्षा खूप जास्त तापत असेल, चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटत असेल, ऑइलमध्ये धातूचे तुकडे असतील, किंवा आवाजाबरोबर जळका वास येत असेल, तर तिथेच थांबून टोइंगची गाडी बोलवावी. ऑटोमॅटिक, सीव्हीटी आणि एएमटी, म्हणजे क्लचचे पेडल नसलेल्या, गाड्यांत नट, टायर, खडा, बूट आणि माउंटिंग यांच्यापुढे घरी काहीही करू नये. पुढच्या चाकांची गाडी ओढून न्यायची झाल्यास पुढची चाके उचललेली असावीत. ऑटोमॅटिक असेल, तर ती पूर्णच टोइंगच्या गाडीवर चढवून न्यावी.

गॅरेजला ‘गिअरबॉक्समधून आवाज येतो’ असे सांगू नये. त्याऐवजी ‘पन्नासच्या पुढे येतो, न्यूट्रलमध्येही राहतो, डावीकडे वळताना वाढतो’ असा तो कागद वाचून दाखवावा आणि मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारावी. काढलेला जुना भाग परत मागावा. बेअरिंग बोटावर फिरवून, जॉइंटच्या खाचांवरून नख फिरवून बघितले, की आवाज खरोखर त्याचाच होता का ते कळते. आणि चाक एकदा निघालेच आहे, तर परतल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर त्याचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.